चाळिशीनंतर मुंबईत गोल्फ शिकायचंय – मेंबरशिप नाही, ओळख नाही, सुरुवात कुठून?

अश्विनी_मुलुंड:
नमस्कार. गोल्फवरचा जुना धागा शोधला, मिळाला नाही, म्हणून नवा काढतेय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या.

माझं वय ४७. कॉलेजपासून बॅडमिंटन खेळत आले, अगदी सोसायटीच्या गणपतीतल्या स्पर्धांपासून आंतरबँक स्पर्धांपर्यंत. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उड्या मारणं, धावता धावता एकदम थांबणं सगळं बंद केलंय. चालायला हरकत नाही, उलट भरपूर चाला म्हणतात. पण नुसतं बागेत गोल गोल चालणं माझ्याच्याने होत नाही. हातात काहीतरी हवं आणि समोर मारायला काहीतरी हवं.

गोल्फ डोक्यात शिरलं ते टोकियो ऑलिंपिकमुळे. ७ ऑगस्ट २०२१ ला अदिती अशोकची शेवटची फेरी बघायला पहाटे उठले होते. निम्मं कळत नव्हतं, तरी जागची हलले नाही. एका फटक्याने पदक हुकलं, चौथी आली. तेव्हापासून मनात आहे.

प्रश्न असे: मेंबरशिप नसताना मुंबईत कुठे शिकता येतं? सुरुवातीला काय विकत घ्यावं? घरात कुणीच खेळत नाही, एकटी बाई गेली तर विचित्र वाटेल का? आणि पावसाळ्याचं काय करतात? श्रीमंती थाटाची माहिती नको, मुलुंडहून जमेल असं सांगा.

रानवारा:
छान धागा. ठिकाणांपुरतं लिहितो.

शहरात १८ होलचे (होल म्हणजे बॉल घालायचा खळगा) तीन कोर्स आहेत. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (१९२७ पासूनचा), ताडदेवचा विलिंग्डन आणि कुलाब्याला नेव्ही नगरच्या टोकाला सैन्यदलांचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब. तिन्ही ठिकाणी मेंबर किंवा मेंबरचा पाहुणा म्हणूनच शिरता येतं. विलिंग्डनची मेंबरशिप तर पैसे मोजायची तयारी असली तरी हाती लागत नाही. म्हणजे ही तिन्ही नावं तूर्त बाजूला ठेवा.

आपल्यासारख्यांसाठी सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स. फी भरून कुणालाही खेळता येतं, प्रॅक्टिससाठी ड्रायव्हिंग रेंजही आहे. डोंगराच्या कुशीत आहे, पांडवकडा त्याच बाजूला. याशिवाय हल्ली शहरात इनडोअर सिम्युलेटर निघालेत, पडद्यावर बॉल मारायचा. त्यांच्याबद्दल मला फार प्रेम नाही, पण जुलैत तेच उपयोगी पडतात.

वेळा आणि दर फोन करूनच विचारा. इंटरनेटवरचे दर जुने निघतात आणि शनिवार-रविवारचा हिशोब वेगळा असतो.

खडूस_काका_दादर:
शिवाजी पार्कात फुकट क्रिकेट चालतं. एका बॉलमागे बारा जण पळतात, सगळ्यांचा व्यायाम होतो. इथे एक माणूस, एक बॉल, पिशवी उचलायला दुसरा माणूस आणि जमीन किती? शंभर एकर! चालू द्या.

रानवारा:
काका, बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना शिवाजी पार्कात शॉर्ट लेगला उभं करताय का?

तिसरी_घंटा:
अश्विनीताई, सहा-सात वर्षं खेळतोय, आधी कांगा लीगमध्ये ओपनिंग करायचो. सामानाबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवशिक्यांचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात.

आत्ता काहीही घेऊ नका. एक ग्लोव्ह सोडून. रेंजवर क्लब (बॉल मारायच्या काठ्यांनाही क्लबच म्हणतात) भाड्याने मिळतात, कोचकडेही असतात. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, म्हणून दुकानदार चौदा विकायला बघतो. तुम्हाला सुरुवातीचे कित्येक आठवडे दोनच लागणार: ७ नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा, मधल्या अंतराचा क्लब) आणि पटर (बॉल जमिनीवरून होलकडे घरंगळवायचा क्लब).

सातच का? क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, मागे किती कललेला आहे त्याला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायचा क्लब) लॉफ्ट १० अंशांच्या आसपास, सँड वेजचा (वाळूतून बॉल काढायचा) ५६ च्या आसपास, सात नंबर मधोमध, साधारण ३० ते ३४. लॉफ्ट जितका कमी तितका बॉल लांब जातो, पण तितकाच वाकडाही जातो. सात नंबर फार लांबही नाही नि फार उंचही नाही, दांडाही आवाक्यातला. त्यावर बसलेला हात पुढे इतर आयर्नवर चालतो. ड्रायव्हरने सुरुवात केलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या दिवशी एक बॉल लांब जातो, फोटो निघतो आणि मग सहा महिने त्या एका बॉलच्या शोधात जातात.

नंतर घ्यायचं झालं तर हाफ सेट (निम्मेच क्लब) घ्या, सेकंडहँड चालेल. मात्र नवऱ्याच्या मित्राने दिलेला, भावाने अमेरिकेहून आणलेला असा पुरुषांचा सेट घेऊ नका. बायकांच्या सेटचे शाफ्ट (दांडे) जरा आखूड, हलके आणि लवचिक असतात. कडक शाफ्ट हळू फिरवला तर बॉल हवेत जायलाच तयार होत नाही आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

अश्विनी_मुलुंड:
इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, धन्यवाद! एक गोष्ट सांगायची राहिली. मी डावखुरी आहे, म्हणजे लिहिते उजव्या हाताने (शाळेतल्या बाईंची कृपा), पण रॅकेट डाव्या हातात. मग डाव्या हाताचे क्लब घ्यावे लागतील का? ते भाड्याने मिळतात?

तिसरी_घंटा:
ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवी होती :)

भाड्याचे क्लब बहुतेक सगळे उजव्यांचे. डावखुऱ्यांचे असले तर एखाददुसरे, आणि सेकंडहँड बाजारात बायकांचा डावखुरा सेट म्हणजे दुर्मीळच. पण कुठल्या बाजूने उभं राहायचं हे लिहिण्याच्या हातावर ठरत नाही. फिल मिकेलसन बाकी सगळं उजव्या हाताने करतो आणि गोल्फ डावखुरा खेळतो. आपल्या क्रिकेटमध्येही उजव्या हाताने बॉलिंग आणि डाव्या बाजूने बॅटिंग करणारे कितीतरी आहेत. दोन्ही बाजूंनी मारून बघा, मग ठरवा.

गुरुत्वमध्य:
पार्ल्यात भौतिकशास्त्र शिकवतो, गोल्फ शिकतोय. बॉल कसा उडतो हे आधी कळलं तर कोच काय सांगतोय ते लवकर समजतं, म्हणून थोडं शास्त्र.

बॉल आपल्याला उचलायचा नसतो. नवशिका खालून खरडून बॉल वर काढायला जातो, मनगटं आधीच सोडतो, अंग मागे झुकतं आणि क्लब बॉलच्या डोक्यावर तरी लागतो किंवा मागच्या मातीत तरी. आयर्नचा फटका किंचित खाली येत असताना बसायला हवा, आधी बॉल, मग गवत. बॉल वर नेण्याचं काम लॉफ्ट करतो. लॉफ्टमुळे बॉलला उलटी फिरकी मिळते, फिरकीमुळे वरच्या आणि खालच्या हवेच्या प्रवाहात फरक पडतो आणि बॉल वर ढकलला जातो. क्रिकेटमधला ड्रिफ्ट ज्या मॅग्नस परिणामामुळे होतो, तोच इथे उभ्या दिशेने. बॉलवरचे खळगे, बहुधा ३०० ते ५०० च्या दरम्यान असतात, ते शोभेचे नाहीत. ते हवेचा विरोध इतका कमी करतात की गुळगुळीत बॉल त्याच फटक्याला जेमतेम निम्म्या अंतरावर पडेल.

दुसरा मुद्दा स्लाइसचा. उजवा खेळाडू मारतो आणि बॉल उजवीकडे वळत वळत शेजारच्या होलच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जातो, हा नवशिक्यांचा राष्ट्रीय रोग. कित्येक वर्षं असं शिकवत की बॉल क्लबच्या मार्गाने निघतो आणि क्लबचा चेहरा जिकडे आहे तिकडे जाऊन पडतो. रडारवर चालणारी मोजणीची यंत्रं आल्यावर उलटं दिसलं. बॉल निघतो तो मुख्यतः चेहरा जिकडे आहे त्या दिशेने, आणि पुढे वळतो तो चेहरा आणि मार्ग यांत जो फरक आहे त्यामुळे. म्हणजे बॉल कुठे पडला यापेक्षा पहिले दहा मीटर कुठे गेला ते बघा. चेहऱ्याचं निदान तिथे होतं. बहुतेक जण बॉल पडल्यावर तिकडे बघून हळहळतात, आणि कामाची माहिती तोवर हवेत विरलेली असते.

तिसरी_घंटा:
सरांना अनुमोदन. त्यात क्रिकेटवाल्यांसाठी भर घालतो, कारण आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या पुरुषांच्या अंगात क्रिकेट असतं आणि ते मदतीला कमी, अडचणीला जास्त येतं.

क्रिकेटमध्ये बॉल येत असतो, आपण प्रतिक्रिया देतो. गोल्फमध्ये बॉल बसून तुमच्याकडे बघत असतो. विचार करायला नको इतका वेळ मिळतो. शिवाय आपला खालचा हात जबरदस्त. लेगला उचलून मारायची सवय असलेला माणूस वरून खाली येताना खालच्या हाताने क्लब ढकलतो, क्लब बाहेरून आत येतो आणि सरांनी लिहिलेला राष्ट्रीय रोग जडतो. उपयोगी पडतं ते एकच, डोकं स्थिर ठेवण्याची शिकवण. ती मात्र सोन्यासारखी.

ग्रिपचे तीन प्रकार दिसतील. करंगळी दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवायची, करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवायची, किंवा दहाही बोटं दांड्यावर. हात लहान असतील तर अडकवलेली किंवा दहा बोटांची बरी पडते. यूट्यूबवर यावरून मारामाऱ्या आहेत, तिकडे जाऊ नका. कोचने एक सांगितली की वर्षभर तीच ठेवा.

सुलभा_पनवेल:
मी खारघरला खेळते, तेव्हा ताईंच्या उरलेल्या प्रश्नांना उत्तरं देते.

आधी ग्रिपबद्दल एक वाक्य. क्लब जात्याच्या खुंट्यासारखा धरायचा, सुटणार नाही इतपतच. आवळलात तर हाताला फोड येतात आणि खांदेही आखडतात.

एकटी बाई: मी एकटीच सुरू केलं. रेंजवर कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे आपापल्या वाकड्या बॉलच्या दुःखात असतात. एकच त्रास, न मागता शिकवणारे काका. अशांना मी हसून सांगते, "कोचने दुसरं काही करायला मनाई केलीय." कोच असो वा नसो, हे वाक्य चालतं.

प्रवास: मुलुंडहून गाडीने ऐरोली पुलावरून. ट्रेनने ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून बेलापूर-पनवेलच्या बाजूला या. बेलापूर–पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तिचं सेंट्रल पार्क स्टेशन कोर्सच्या बाजूचं. पाठीवर मोठी बॅग घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढायचं धाडस करू नका. म्हणूनही दोन क्लबांनी सुरुवात करणं शहाणपणाचं आहे, ते छत्रीसारखे हातात मावतात.

कपडे: कॉलरचा टी-शर्ट, साधी ट्राउझर, बंद बूट. जीन्स बहुतेक कोर्सना चालत नाही. बाकी आपलं ऊन आणि दमटपणा. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये नऊनंतर मैदानावर थांबायचं नाही. ग्लोव्ह घामाने ओला झाला की ग्रिप फिरते, म्हणून दोन ठेवा, एक वाळत, एक हातात.

पावसाळा: छप्पर असलेल्या रेंजवर प्रॅक्टिस चालू राहते. कोर्सवर बॉल पडतो तिथेच रुततो. आपल्याच आघाताने जमिनीत रुतलेला बॉल उचलून, पुसून, दंड न घेता ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो, बंकर (वाळूचे खड्डे) वगैरे सोडून. हा नियम लक्षात ठेवा, जुलैत त्याच्यावरच खेळ चालतो. वीज चमकली की मात्र निमूट आत. हातात लोखंडी दांडा घेऊन मोकळ्या माळावर उभं राहायची हौस नको.

चेंबूरकर_निख्या:
ताई, तुम्ही मेंबर नसाल, पण गोल्फ शिकायचा तर कॅडीकडून (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाकडून) कळतो तसा कुणाकडून कळत नाही, म्हणून हे लिहितो.

मी चेंबूरच्या कोर्सच्या भिंतीपलीकडे वाढलो. आमच्या बाजूची कितीतरी पोरं सकाळी कॅडी म्हणून जायची. संध्याकाळी वस्तीत त्यांचा आपला गोल्फ चालायचा. बांधकामावरची सळई वाकवायची, टोक ठोकून चपटं करायचं, वरती पाइपचा तुकडा ग्रिप म्हणून. बॉल प्लास्टिकचा, नाहीतर कुणाच्या खिडकीचं बिल कोण भरणार? होल म्हणजे गल्लीतला खड्डा. बाहेरच्या देशांतले फोटोग्राफर येऊन गेले, 'स्लम गोल्फ' म्हणून पेपरात आलं. त्या पोरांचा शॉर्ट गेम (होलजवळचे छोटे फटके) बघायला हवा होता. दोन फूट रुंद गल्लीत, गटार चुकवून, पत्र्यावरून टप्पा काढून बॉल खड्ड्याशी. मेंबर लोकांना मोकळ्या हिरवळीवर जमत नाही ते.

१९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा अली शेरसुद्धा दिल्लीत कॅडीचं काम करूनच वर आला. ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. काकांनी 'पिशवी उचलायला दुसरा माणूस' लिहिलं ना, तो दुसरा माणूस असा असतो.

तर पुढेमागे कोर्सवर गेलात आणि कॅडी मिळाला, तर त्याला बॉल शोधायला लावू नका फक्त. विचारा: "ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) कुठे उतरतंय?" तो बोटाने जागा दाखवेल, तिथे मारा. होलकडे बघूच नका. आणि बॉल पाण्यात गेला की त्याच्याकडे वळून बघायचं नाही. त्याने नाही मारलेला.

खडूस_काका_दादर:
निख्याची पोस्ट आवडली. पण माझा मुद्दा त्याच पोस्टमध्ये आहे. पोरांना गल्लीत का खेळावं लागलं? भिंतीच्या आत जागा नव्हती म्हणून? जागा होती. आत यायला मिळत नव्हतं.

चेंबूरकर_निख्या:
काका, यावर भांडण नाही. मला खेळायचंय आणि भिंतही दिसते. दोन्ही.

रानवारा:
काकांचा मुद्दा खोडता येत नाही. म्हणूनच मी खारघर म्हणतो. सिडकोने बांधलंय, पैसे भरा नि खेळा. मुंबईत अशी आणखी दोन-तीन साधी रेंज झाली, अगदी नऊ छोट्या होलची, तरी चित्र बदलेल. पुण्याच्या उदयन मानेने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळून दाखवलं. मराठी मुलगा तिथवर गेला यावर इथे एकही धागा निघाला नव्हता. (अवांतर झालं. कोर्सला लागणाऱ्या पाण्याचा विषय कुणी काढणार असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो.)

अस्थिपंजर:
फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. अश्विनीताई, सगळे जण क्लब आणि कपडे सांगताहेत, मी गुडघ्यावर येते. गोल्फ म्हणजे गुडघ्याला आराम, हा समज अर्धाच खरा. चालण्याचा भाग उत्तम आहे. स्विंगमध्ये मात्र लक्ष्याकडच्या पायावर वजन येतं आणि त्याच वेळी त्या गुडघ्यावर शरीर वळतं. उजवा खेळाडू असेल तर हा पाय डावा, डावखुरा असेल तर उजवा. कंबरेवरही पीळ पडतो.

ऑपरेशन कोणत्या गुडघ्याचं, आणि कसलं? लिगामेंट की मेनिस्कस?

अश्विनी_मुलुंड:
उजव्या गुडघ्याचं. मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी). अरे देवा, म्हणजे मी डावखुरी खेळले तर सगळा भार बरोबर त्याच गुडघ्यावर?

अस्थिपंजर:
हो, म्हणूनच विचारलं. उजव्या बाजूने खेळायला शिकलात तर वळणाचा मोठा भार डाव्या गुडघ्यावर जाईल. डावखुरीच खेळायचं ठरलं तर पुढचं पाऊल सरळ न ठेवता लक्ष्याकडे थोडं बाहेर वळवून उभं राहा, २० ते ३० अंश. पाऊल बाहेर असलं की गुडघ्यावरचा पीळ कमी होतो. टोकदार खिळ्यांचे बूट टाळा, पाऊल जमिनीला जखडलं की पीळ गुडघ्याला जातो. आणि सुरुवात करण्याआधी तुमच्या सर्जनला विचारा, माझं इथलं लिहिणं म्हणजे तपासणी नव्हे.

आणखी एक: बादलीभर बॉल एका दमात संपवू नका. रेंजवर सगळ्यांना बादली संपवायची घाई असते, पैसे दिलेत म्हणून. दुखापती कोर्सवर कमी आणि त्या बादलीत जास्त होतात.

गुरुत्वमध्य:
यात एक गंमत आहे. उजव्या बाजूने खेळताना पुढचा हात डावा. वर नेलेल्या स्थितीत तो छातीवरून उजवीकडे आडवा गेलेला असतो आणि तिथून डावीकडे उघडत येतो. डावखुऱ्या बॅडमिंटनपटूचा बॅकहँड नेमका हाच. म्हणजे ताईंचा सवयीचा, ताकदीचा हात उजव्या स्विंगमध्ये पुढाकार घेईल, आणि तो मार्ग त्याच्या ओळखीचा आहे. मनगटाचा झटका तेवढा विसरावा लागेल.

तिसरी_घंटा:
वा सर! गुडघा, भाड्याचे क्लब आणि बॅकहँड, तिन्ही उजव्या बाजूला निघाले. निकाल लागला म्हणायचा.

सुलभा_पनवेल:
निकाल रेंजवर लागेल :) घरी काय करायचं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून परत येते.

पटिंग घरीच शिकता येतं आणि तिथेच सगळ्यात जास्त फटके वाचतात. ७२ च्या पार कोर्समध्ये (पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागतील असे धरलेले फटके) प्रत्येक ग्रीनवर दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे १८ गुणिले २, ३६. निम्मा स्कोअर पटरचा! तरी लोक त्याला हात लावत नाहीत, कारण त्याचा आवाज होत नाही. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, तेवढा कागदाचा गोल कापून हॉलमध्ये चिकटवा. आपल्या फ्लॅटमधल्या दोन टाइल्सच्या मधली रेघ ही फुकटची पट्टी. बॉल रेघेवर ठेवा आणि पटर त्या रेघेवरूनच मागे-पुढे जातोय का बघा. टाइल्सवर बॉल हिरवळीपेक्षा फार पळतो, त्यामुळे अंतराचा अंदाज तिथे शिकू नका, दिशा शिका. अंतरासाठी सतरंजी.

पूर्ण स्विंग घरात करू नका. पंखा, ट्यूबलाइट आणि सासूबाई, तिन्ही धोक्यात येतात. गच्चीवर करायचं तर स्पंजचे बॉल, आणि सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा.

तिसरी_घंटा:
रेंजबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट राहिली. रबरी मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या मागे दोन इंच आपटला तरी मॅटवरून सरकून बॉलला लागतो, बॉल बऱ्यापैकी जातो आणि आपण खूश. तोच फटका गवतावर मारला की क्लब मातीत अडकतो आणि बॉल चार पावलं जातो. म्हणून बॉलच्या मागे चार बोटं अंतरावर नॅपकिन घडी करून ठेवा. नॅपकिनला न लागता बॉल निघाला तर फटका खरा. रेंजचे बॉलही चांगल्या बॉलपेक्षा कमी जातात, त्यामुळे अंतरं मोजून वहीत लिहू नका.

अश्विनी_मुलुंड:
सर्जनना विचारलं, 'हळू घ्या, पण घ्या' म्हणाले. रेंजवर जाऊन आले. आधी डाव्या बाजूने मारायचं म्हटलं तर तिथे डावखुरा क्लब होता एकच, तोही पुरुषांचा. मग उजव्या बाजूने सात नंबर घेतला. पहिले काही बॉल तर जागचे हललेच नाहीत, हवेत क्लब आणि पाठीमागे दोन शाळकरी मुलं हसतायत. नंतर नॅपकिन ठेवला, डाव्या हाताकडे लक्ष दिलं, बॅकहँड म्हणून मारला, आणि एक बॉल असा निघाला की आवाजच वेगळा आला. गुरुत्वमध्य सर, तुमच्या बॅकहँडला पेढे.

गुडघा ठीक आहे. दुसऱ्या दिवशी दुखलं ते डाव्या हाताचं मधलं बोट आणि कंबर. आता कोच लावायचाय. पहिल्या तासाला काय विचारावं? आणि कोर्सवर कधी जावं? घाई नाही, पण उत्सुकता आहे.

तिसरी_घंटा:
बोट दुखतंय म्हणजे क्लब आवळून धरताय. सुलभाताईंचा खुंटा आठवा.

कोचला गुडघा पहिल्या मिनिटाला सांगा. मग विचारा की तो एका वेळी किती गोष्टी बदलतो. 'एक' म्हणाला तर तो तुमचा माणूस. पाच गोष्टी सांगणारा हुशार असेल, पण त्याच्याकडे आपण गोंधळतो. मोबाइलवर समोरून आणि मागून असे दोन व्हिडिओ काढून द्यायला सांगा आणि पुढच्या तासापर्यंत ते सारखे बघत बसू नका. पहिल्या तीन-चार तासांत त्याने पटर आणि चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके) काढलंच नाही, तर तुम्हीच मागा. दोन तास एकदम घेण्यापेक्षा आठवड्याला एक आणि मधल्या दिवसांत घरी पटिंग, असं ठेवा.

सुलभा_पनवेल:
कोर्सवर कधी? सात नंबरने दहातले पाच-सहा बॉल हवेत, ढोबळमानाने समोर जायला लागले की. त्याआधी गेलात तर मागचे लोक ताटकळतात आणि तुम्ही घाबरून आणखी वाकडं मारता. कोर्सवाल्यांना आधी फोन करून सांगा की नवशिकी आहे. काही ठिकाणी पहिल्यांदा कोचबरोबर यायला सांगतात.

पहिल्यांदा नऊच होल, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपार कलल्यावर. लाल खुणांच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) मारा, ती सगळ्यात पुढची असते आणि तिथून मारण्यात कमीपणा काही नाही. स्कोअर लिहू नका. पारच्या दुप्पट फटके झाले की बॉल उचला आणि पुढच्या होलकडे चालू लागा. हरवलेला बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, आधी पाच होती, २०१९ ला कमी केली. तुम्ही एकच मिनिट घ्या. जुने बॉल न्या, नव्यांवर जीव जडतो. बॉल कुणाच्या दिशेने गेला तर लाजू नका, मोठ्याने 'फोर' ओरडा. आपल्या बायकांना ओरडायचाच संकोच वाटतो, आणि डोकं फुटलेल्या माणसाला त्या संकोचाचं काही देणंघेणं नसतं.

बुधवारी दुपारी मी असते. यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे बायकांचा जादा पिचिंग वेज पडून आहे, तो तुम्ही तूर्त वापरा.

अश्विनी_मुलुंड:
व्यनि केलाय. बुधवारी हाफ डे टाकते.